फिल्ममेकिंग शिकायचंय, पण सिनेमाचा इतिहास खरंच लागतो का? (देवगड तालुक्यातून विचारतेय)

पडवीतून:

नमस्कार. मी इथे दोन वर्षं नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी टीवायबीएला आहे, तालुक्याच्याच कॉलेजला, मार्चमध्ये संपेल. पुढे फिल्ममेकिंगच शिकायचं हे माझं नक्की आहे, घरच्यांचं नाही. बाबांची हापूसची थोडी कलमं आहेत, आई अंगणवाडीत आहे, दोघांचं म्हणणं की आधी बीएड करून घे मग काय ते सिनेमाचं बघू. मी मोबाईलवर शूट करत असते. मागच्या मे महिन्यात आजी पडवीत रातांबे (कोकमाची फळं) फोडायला बसायची तेव्हा तिची चार मिनिटांची फिल्म केली, फोडणं, बिया काढणं, सालं उन्हात घालणं, रसात बुडवून परत वाळवणं, सगळं क्रमाने आहे त्यात. एका कॉलेजच्या शॉर्टफिल्म स्पर्धेला पाठवली. नंबर आला नाही त्याचं एवढं नाही वाटलं, पण परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले की रील म्हणून छान आहे, ही फिल्म नाही. का नाही ते सांगितलंच नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

मग मी चार-पाच कोर्सचे सिलॅबस काढून वाचले. सगळीकडे सिनेमाचा इतिहास आहे, दादासाहेब फाळके, प्रभात फिल्म कंपनी, मग जर्मन, रशियन, इटलीचा नववास्तववाद, फ्रेंच न्यू वेव्ह. म्हटलं आधीच बघायला लागू. यूट्यूबवर एक मूकपट लावला, झोप लागली. दुसऱ्या दिवशी परत लावला, परत झोप लागली. खरं सांगते, मला भीती वाटायला लागली की आपल्याला हे आवडत नसेल तर आपण या लाईनीतलेच नाही की काय.

तर प्रश्न असे आहेत. इतिहास खरंच लागतो का की कॅमेरा घेऊन शूट करत राहिलं तर येतं? मुंबईत एक प्रायव्हेट कोर्स आहे, वर्षाचा, फी ऐकून बाबा गप्पच झाले, कर्ज काढावं लागेल, काढावं का? आणि पुण्याच्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटला, एफटीआयआयला, आमच्यासारख्या मराठी मिडियमच्या मुलांना चान्स असतो का? आमच्याकडे विचारायला कोणीच नाहीये म्हणून एवढं लांबलं.


संकलनटेबल:

मूकपट बघताना झोप लागली यावरून तू या लाईनीतली नाहीस असं अजिबात ठरत नाही, ते पहिलं डोक्यातून काढ. मी राजापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी शाळा, बीएस्सी केमिस्ट्री, मग पुण्यात तीन वर्षं संकलन शिकलो आणि आता चौदा वर्षं मुंबईत एडिटर म्हणून काम करतोय. पहिल्या महिन्यात मी रोज झोपायचो. अंधार, मागे एसी, समोर मुके लोक. शेजारचा कोपराने ढोसायचा.

मला जाग आली ती प्रभातच्या संत तुकारामच्या वर्गात. १९३६चा सिनेमा, दामले-फत्तेलालांचा. लहानपणी टीव्हीवर आजीसोबत बघितलेला, त्यामुळे वाटलं यात काय शिकवणार. सरांनी सुरुवातीचा भाग लावला. तुकाराम अभंग म्हणतोय, विष्णुपंत पागनीस, डोळे मिटलेले, कसलाही आविर्भाव नाही, कॅमेरापण त्याला त्रास देत नाही. आणि तिथून थेट सालोमालोवर, तो तोच अभंग आपला म्हणून ठोकून देतोय, ताना घेतोय, हातवारे करतोय. सरांनी तो जोड मागे-पुढे करत निदान दहा वेळा दाखवला. एक शब्द बोलले नाहीत. दहाव्यांदा माझ्या लक्षात आलं की अख्ख्या सिनेमाचं भांडण या एका कटमध्ये सांगून झालंय. कुणी कुणाला चोर म्हटलेलं नाही, खरा कोण खोटा कोण ते सांगणारा निवेदक नाही, फक्त हे आणि त्याच्या शेजारी ते. त्या दिवशी हॉस्टेलवर जाऊन मी माझा पहिला एक्सरसाइज पूर्ण पुसून टाकला आणि परत कापला.

आता तुझ्या रातांब्यांकडे येतो. मी फिल्म बघितली नाही पण तू लिहिलंस की सगळं क्रमाने आहे. तिथेच गोम असणार असं मला वाटतं. आमसुलं कशी करतात हे कळतं, पण आजी कोण आहे ते कळत नाही. परीक्षकांनी हे नीट सांगायला हवं होतं, बाविशीच्या आतल्या मुलांना असं सगळ्यांसमोर एका वाक्यात उडवून लावणं मला बरोबर वाटत नाही. पण त्यांच्या मनात बहुतेक हेच असेल. एखादा शॉट दुसऱ्याच्या शेजारी ठेवल्यावर दोघांत नसलेलं तिसरंच काहीतरी उभं राहायला पाहिजे. आजीच्या हातांच्या शेजारी काय ठेवशील? आईचे हात? तुझे? ज्या पाटावर पूर्वी दोघीजणी बसायच्या तिथली रिकामी जागा? ते तू ठरव.

इतिहास लागतो तो यासाठी. सनावळ्या पाठ करायला नाही. तुला जो प्रश्न आज पडतो तो आधी कुणालातरी पडलेला असतो आणि त्याने काय केलं ते बघायला मिळतं. फाळक्यांना राजा हरिश्चंद्रसाठी पैसे हवे होते, सावकारांना सिनेमा म्हणजे काय ते माहीत नाही, तर त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं एकेक फ्रेम करत त्या रोपाची वाढ टिपली, काही क्षणांत अख्खं रोप वर आलेलं दाखवलं. तुझ्या फोनमध्ये टाइमलॅप्सचं बटन आहे ना, ते हेच आहे. फरक एवढाच की ते का वापरायचं हे फाळक्यांना माहीत होतं. त्यासाठी ते १९१२ला लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले होते, विमा पॉलिसी गहाण टाकली होती, आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरात बसून फिल्मला भोकं पाडायच्या, धुवायच्या, शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. तुमच्या सिलॅबसमध्ये त्यांचं नाव असलं तर मला आनंदच होईल, बहुतेक ठिकाणी नसतं.

एफटीआयआयबद्दल. बहुतेक कोर्सना कुठल्याही शाखेचं ग्रॅज्युएशन चालतं त्यामुळे बीए पूर्ण कर, अर्धवट सोडू नको. माझ्या वेळी डिरेक्शन, सिनेमॅटोग्राफी, एडिटिंग, साउंड हे कोर्स तीन वर्षांचे होते, टीव्ही विंगचे एक वर्षाचे. जागा मोजक्या असतात. तेव्हा लेखी परीक्षेत इंग्लिश नाहीतर हिंदीत लिहायची मुभा होती, मी हिंदीत लिहिलं, व्याकरणाच्या चुका असतील पण निवड झाली. नियम बदलत राहतात, त्यामुळे फॉर्म भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रकच वाच, माझ्यावर किंवा दुसऱ्या कुणावर विसंबू नको. लेखीनंतर ओरिएंटेशन आणि मुलाखत असते. तिथे तू काय पाहिलंस, कसं पाहिलंस हे विचारतात. आजीच्या पडवीबद्दल तासभर बोलू शकणारी मुलगी तिथे मागे पडत नाही.

सरकारी फी आणि प्रायव्हेटची फी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कर्जाबद्दल दुसरं कोणी लिहील, माझा अनुभव नाही.


घाटमाथा:

कर्जाबद्दल मी लिहितो. मी सावंतवाडीकडचा. बारावीनंतर मुंबईत एका प्रायव्हेट संस्थेत दीड वर्षाचा डिरेक्शनचा कोर्स केला, संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. बाबांनी जागेवर कर्ज काढलं होतं. जाहिरातीत होतं की प्रत्येकाला शॉर्टफिल्म करायला मिळेल, प्रत्यक्षात आठ जणांत एक, आणि कॅमेरा दोन दिवस. शिकवायला येणारे पाहुणे असायचे, ते आपल्या सिनेमाच्या गमती सांगायचे आणि जायचे, त्या ऐकायला छान वाटायच्या पण खोलीवर आल्यावर वहीत काहीच नसायचं. प्लेसमेंट म्हणून एका प्रॉडक्शन हाऊसला पाठवलं तिथे चार महिने बिनपगारी. कर्जाचे हप्ते बाबा अजून भरतायत, मी आता मदत करतो पण वाईट वाटतं ते वाटतंच.

सगळे प्रायव्हेट वाईट असं म्हणत नाही, माझ्याच ओळखीत दोघंजण चांगल्या ठिकाणी शिकलेत आणि खूश आहेत. पण जागा गहाण टाकून जाऊ नको. जायच्या आधी तिथे शिकत असलेल्या मुलांशी बोल, ऑफिसात बसलेल्या बाईंशी नाही. विचार की एकाला स्वतःच्या किती फिल्म करायला मिळाल्या, किती दिवस उपकरणं हातात होती, आणि कायम शिकवणारे किती आहेत. ही तीन उत्तरं गोलगोल आली तर सरळ परत फीर.

मला खरं शिकवलं ते नंतर एका असिस्टंट एडिटरने, रात्री त्याच्या मशीनवर बसवून. आणि तेव्हा कळलं की वर संकलनटेबल ज्यांबद्दल बोलतोय ते जुने सिनेमे त्या एडिटरला तोंडपाठ आहेत, मला एकही माहीत नव्हता.


मांडावरचा:

ह्या धाग्यात मालवणच्या माणसाचं नाव अजून कसं आलं नाही. माझा विषय इतिहास, शिक्षक म्हणून नुकताच रिटायर झालो, म्हणून राहवत नाही.

बाळ, दादासाहेब तोरणे हे नाव तुला कॉलेजात कोणी सांगितलं का? रामचंद्र गोपाळ तोरणे, जन्म १८९०, गाव सुकळवाड, मालवणजवळ. तुझ्या गावापासून लांब नाही. १८ मे १९१२ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये त्यांचा पुंडलिक लागला, म्हणजे राजा हरिश्चंद्रच्या जवळजवळ वर्षभर आधी, हरिश्चंद्र तिथेच ३ मे १९१३ला लागला. मग पहिला चित्रपट कुणाचा यावर भांडणं होतात. एक बाजू म्हणते पुंडलिक हे रंगमंचावरचं नाटक होतं, कॅमेरा एका जागी ठेवून चित्रित केलेलं, निगेटिव्हसुद्धा धुवायला लंडनला गेली, त्यामुळे पहिला मान फाळक्यांचा. दुसरी बाजू म्हणते तारीख ती तारीख. मला विचारशील तर फाळक्यांचा मान फाळक्यांनाच राहूदे, पण त्यासाठी तोरण्यांना पुसायची गरज नाही, आणि सिंधुदुर्गातल्या मुलांना तर हे नाव माहीत असायलाच पाहिजे.

आणि ह्या भांडणात तुझ्या कामाचा एक प्रश्न आहे. एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने नाटक घेतलं तर तो सिनेमा होतो का? तू जत्रेत दशावतार बघतेस ना? मी लहानपणापासून बघतोय. आमच्या देवळासमोर रात्री उशिरा सुरू होतो तो उजाडेपर्यंत. संवादांची लिखित संहिता नाही, कथानक ठरलेलं, बाकी सगळं पात्रं तिथल्या तिथे बोलतात. आता गेल्या वर्षी मी मुद्दाम एक प्रयोग केला. पहिल्या रात्री मोबाईल समोर खुर्चीवर ठेवून अख्खं नाटक रेकॉर्ड केलं. घरी येऊन बघितलं तर काहीच नाही हो, एवढ्या जोरदार युद्धाच्या प्रसंगाला नुसती मुंग्यांची पळापळ. पुढच्या जत्रेला मी रंगपटात गेलो, परवानगी घेऊन. स्त्रीपार्टी करणारा कलाकार आरशाच्या तुकड्यासमोर बसलेला, दिवसभर शेतात राबून आलेला माणूस, हाताला चिखलाच्या भेगा. तो स्वतःच रंग लावत होता. भुवई काढताना त्याने श्वास रोखून धरला. तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा माझ्याकडे आहे, हलतोय, फोकस नाही, पण ज्याला ज्याला दाखवला त्याने परत लाव म्हणून सांगितलं.

पहिल्या रात्रीचा तो पुंडलिक आणि दुसऱ्या रात्रीचं ते काय ते तू शोध. माका त्याचा नाव सांगूक येणा नाय, पण फरक काळजाक कळता.


पडवीतून:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, मी काल रात्री बाबांना संकलनदादांचं आणि घाटमाथादादांचं वाचून दाखवलं. कर्जाचं ऐकून ते म्हणाले बघ मी काय सांगत होतो, पण सरकारी संस्था आहे, बीए झाल्यावरच जायचंय हे ऐकून थोडे नरम पडलेत.

गुरुजी, तोरण्यांचं नाव खरंच माहीत नव्हतं. सुकळवाडवरून आमची गाडी किती वेळा गेलीय.

संत तुकारामची सुरुवात मी रात्रीच बघितली. आधी वाटलं काही विशेष नाही. मग आवाज बंद करून बघितलं, मग नुसता आवाज ऐकला. आवाज ऐकताना कळलं, चेहरा न बघतासुद्धा खोटा कोण ते कळतंय. आणि जिजाई! तिच्याबद्दल कोणीच कसं काही बोललं नाही, ती चप्पल घेऊन देवळात देवालाच जाब विचारायला जाते ते बघून मी रडले. आमच्या आजीचा स्वभाव अगदी तसाच आहे, फिल्ममध्ये मी तिला नुसती शांत म्हातारी दाखवलीय.

अजून विचारायचं होतं, आवाजाचं मी काय करायला हवं होतं? माझ्या फिल्ममध्ये वाऱ्याचा फार घों घों येत होता म्हणून मी सगळा आवाज काढून बासरी टाकली.


बूमवाली:

बासरी काढ. आत्ताच्या आत्ता काढ, मग पुढचं वाच :)

मी साउंड करते, मूळ चिपळूणची, डॉक्युमेंट्री जास्त. जिजाईबद्दल लिहिलंस ते वाचून बरं वाटलं, ते काम करणाऱ्या गौरी प्रभातमध्ये आधी किरकोळ भूमिका करायच्या, तिथून त्या या भूमिकेपर्यंत आल्या, आणि तो अभिनय आजही जुना वाटत नाही. आणि एक गोष्ट तुझ्या कामाची, दिग्दर्शक जोडीतले दामले प्रभातमध्ये ध्वनी सांभाळायचे आणि फत्तेलाल कलादिग्दर्शन. त्यामुळे तुला डोळे मिटून खोटा अभंग ओळखता आला हा योगायोग नाही. दोघं मुळात कोल्हापूरला बाबुराव पेंटरांच्या हाताखाली शिकलेले, जिथे नाटकाचे पडदे रंगवण्यापासून कॅमेरा बनवण्यापर्यंत सगळं घरच्या घरी चालायचं. कॉलेज नव्हतं, डिग्री नव्हती, पण शिक्षण होतं. आणि पुढे प्रभातच्याच पुण्यातल्या जागेत १९६०मध्ये एफटीआयआय सुरू झाली. तू तिथे गेलीस तर त्याच स्टुडिओच्या आवारात फिरशील.

आता वारा. कोकणात पडवीत शूट करायचं म्हणजे वारा येणारच, सगळ्यांनाच येतो. चित्र आणि आवाज एकाच फोनने एकाच वेळी घ्यायचा हट्ट सोड. चित्र घेऊन झालं की फोन आजीच्या अगदी जवळ ने, वितीभर अंतरावर, वाऱ्याकडे तुझी पाठ कर म्हणजे तुझ्या अंगाचा आडोसा होईल, माइकच्या भोकावर पातळ लोकरी कापडाची एक घडी धर. आणि आजीला तेच काम परत करायला सांग, या वेळी फक्त आवाजासाठी. रातांबा फुटतानाचा आवाज, बी टोपात पडतानाचा, सालं सुपात पसरतानाचा, वेगवेगळे घे. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसत्या पडवीचा आवाज घे. त्याला आम्ही रूम टोन म्हणतो. तो असला की तुकडे जोडताना मध्ये खड्डे पडत नाहीत. तुमच्या पडवीचा रूम टोन माझ्या चिपळूणच्या घरासारखा नसणार, समुद्र किती लांब, कौलं की पत्रा, माड की कलमं, सगळ्याने फरक पडतो.

मे महिन्याची वाट बघू नको. घरात सोलांची (रातांब्याच्या वाळवलेल्या सालांची) बरणी असेलच.

कोकणात शूट झालेले सिनेमे आवाजासाठी परत बघ. २०१४ला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालेला किल्ला आहे, दिग्दर्शक एफटीआयआयमध्ये कॅमेरा शिकलेले. सगळे त्याच्या पावसाच्या फ्रेम्सबद्दल बोलतात, तू डोळे मिटून पाऊस ऐक.


वेंगुर्ल्याचे काका:

मी यातला जाणकार नाही, बाप म्हणून लिहितोय, हे तुझ्या बाबांना वाचून दाखव.

माझा मुलगा पाच वर्षांपूर्वी हेच म्हणाला तेव्हा मी पंधरा दिवस त्याच्याशी बोललो नाही. आपल्याकडे काजूचे दर पडले की वर्ष कसं काढायचं हा विचार असतो, त्यात पोरगा सिनेमा म्हणाला की पायाखालची जमीन सरकते, ते तुझ्या बाबांचं चुकत नाही. मग आम्ही ठरवलं की बीए झाल्यावर दोन वर्षं, परीक्षा द्यायची, तोपर्यंत गावातली लग्नं वगैरे शूट करून आपला खर्च आपण काढायचा. पहिल्या वर्षी झालं नाही. दुसऱ्या वर्षी पण एफटीआयआयचं झालं नाही पण मास कम्युनिकेशनच्या एमएला प्रवेश मिळाला, फी परवडणारी. आता एडिटिंग करतो, पगार सांगण्यासारखा नाही पण वेळेवर येतो.

तेव्हा मला कोणीतरी सांगितलेलं की नागराज मंजुळेंनी अहमदनगरला कॉलेजात कम्युनिकेशन शिकताना केलेल्या शॉर्टफिल्मला, पिस्तुल्याला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याने मला धीर आला. पुणे-मुंबई नाही झालं म्हणजे संपलं असं नाही, हे बाबांना सांग. आणि बीएड पण वाईट नाही हं, पण मनात नसताना नको, वर्गातल्या पोरांवर अन्याय होतो.


संकलनटेबल:

काकांना शंभर टक्के अनुमोदन. दोन वर्षं ठरवून द्यायची ही कल्पना उत्तम आहे, मुलांवरपण एक धाक राहतो.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. एक, तुला इफ्फी माहिती आहे का? भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४पासून पणजीला भरतो, नोव्हेंबरमध्ये. तू देवगडला आहेस म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा जवळ! विद्यार्थी डेलिगेट म्हणून रजिस्ट्रेशन होतं, वेळेत करायचं, नंतर रोज कुठला शो बघायचा त्याचं बुकिंग करावं लागतं, आणि जागा भरलेल्या दिसल्या तरी रांगेत उभं राहिलं की बऱ्याचदा आत सोडतात. तीन दिवस जरी गेलीस तरी बारा-पंधरा सिनेमे होतात. सगळे समजले पाहिजेत असं नाही. रात्री एका वहीत प्रत्येक सिनेमातला फक्त एक शॉट लिही, जो आठवतोय तो. गोष्ट लिहू नको, गोष्ट नेटवर मिळते.

याच इफ्फीचा पहिला महोत्सव १९५२ला मुंबईत झाला होता, तिथे इटलीचा बायसिकल थीव्ह्ज दाखवला गेला आणि आपल्याकडच्या कित्येक दिग्दर्शकांनी तो बघितला. स्टुडिओच्या बाहेर, खऱ्या रस्त्यावर, साध्या माणसाची सायकल चोरीला जाते एवढ्यावर सिनेमा होतो हे बघून लोक हलले. सत्यजित रायनी तो त्याआधीच लंडनला बघितलेला, आणि १९५५ला पथेर पांचाली आला. तू सिलॅबसमध्ये जो नववास्तववाद वाचलास तो हा. तू पडवीत खऱ्या आजीला, खऱ्या उजेडात शूट केलंस, सेट लावला नाहीस, ते तुला नैसर्गिक वाटलं कारण हे सगळे लोक आधी होऊन गेले. कुणीतरी ते पहिल्यांदा करताना लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं.

दुसरं, फिल्म ॲप्रिसिएशनचा, म्हणजे सिनेमा कसा बघायचा ते शिकवणारा कोर्स. एफटीआयआय आणि राष्ट्रीय फिल्म अर्काइव्ह (जुने सिनेमे जपून ठेवणारी सरकारी संस्था) मिळून कित्येक वर्षं उन्हाळ्यात पुण्यात घेत आलेत, काही आठवड्यांचा. त्याच्याशिवाय छोटे कोर्स पण असतात, काही ऑनलाइन. बीए झाल्यावर मोठ्या परीक्षेआधी हा केलास तर आपल्याला यात राहायचंय की नाही ते तेवढ्यात कळेल. आणि अर्काइव्हमध्ये जाऊन ये. १९६४ला सुरू झालं, पी. के. नायर नावाच्या माणसाने आयुष्य घातलं त्यात. मूकपटाच्या काळात आपल्या देशात तेराशेच्या आसपास सिनेमे झाले, त्यातले आज जेमतेम तीसएक उरलेत, काहींचे तर नुसते तुकडे. जुनी नायट्रेट फिल्म पेट घ्यायची, बाकीची चांदी काढायला वितळवली लोकांनी. फाळक्यांचा कालिया मर्दन, १९१९चा, त्याची रिळं नायरसाहेबांनी मिळवून जपली. त्यात सुरुवातीलाच फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी एकामागोमाग एक वेगवेगळे भाव करून दाखवते, हसते, चिडते, आणि मग तीच कृष्ण होते. मी सांगतो तो लाव, झोप येणार नाही. एका बापाने आपल्या मुलीकडे कॅमेऱ्यातून बघितलंय ते.


मांडावरचा:

संकलनसाहेब, ते तेराशेतले तीस वाचून सकाळपासून बेचैन आहे. आमच्या दशावतारातले किती जुने कलाकार गेले आणि एक मिनिट सुद्धा कुणाचं टिपलेलं नाही. बाळ, तू आजीचं जे मूळ शूटिंग आहे ते पुसू नको हां. स्पर्धेला पाठवलेलं चार मिनिटांचं नव्हे, सगळंच. दोन ठिकाणी ठेव.


पडवीतून:

गुरुजी, ठेवलंय, एक पेनड्राइव्ह आईच्या कपाटात.

बाबा म्हणाले इफ्फीला एकटी नको, ते येतील बरोबर, एक दिवस राहतील आणि मग पणजीला आत्याकडे मला सोडून परत येतील. आयुष्यात त्यांनी थेटरात शेवटचा सिनेमा लग्नाआधी बघितलाय. मला हे इथे सांगायचंच होतं.

आज सकाळी बूमताईंनी सांगितलं तसं केलं. आजीला सोलांची बरणी काढायला सांगितली. ती म्हणाली आता गे कशाक, मे म्हयन्यात काढलंस तेवढा पुरां नाय झाला? मी म्हटलं या वेळी फोटो नाही, फक्त आवाज. ते तिला काही पटलं नाही पण बसली. मी फोन तिच्या मांडीजवळ ठेवला, आईच्या जुन्या शालीचा तुकडा लावून. चिनीमातीच्या बरणीचं झाकण फिरतानाचा खरखरीत आवाज, मग सोलं एकमेकांना चिकटलेली असतात ती ती एकेक करून सोडवते तेव्हा अगदी बारीक, ओला, चिकट असा आवाज येतो. एवढी वर्षं त्या घरात राहून मी तो ऐकला नव्हता. आणि मध्येच ती कुणाशी बोलतेय असं पुटपुटली, नंतर हेडफोन लावून ऐकलं तर माझ्या आजोबांचं नाव. ते जाऊन अकरा वर्षं झाली.

बूमताई, हा आवाज मी कुठे ठेवू? आजीचे हात दिसायला लागल्यावर की त्याच्या आधी? माझ्याकडे मेमधला रिकाम्या पडवीचा एक शॉट आहे, पाट मांडलेला, आजी अजून आलेली नाही असा.


बूमवाली:

आधी. रिकाम्या पडवीवर ठेव, पाट दिसतोय तेव्हाच झाकण फिरायला लागूदे, पुटपुटणं पण तिथेच, आणि मग हात. दुसऱ्या बाजूनेही एकदा करून बघ म्हणजे फरक तुझा तुलाच कळेल. दोन्ही पाठव, संकलनदादालाही दाखवू.